शुक्रवारची चूल आणि शनिवारचे पाहुणे

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला पिंपरीच्या मंडईत गेलात, तर घाईत असलेल्या बायका पुष्कळ दिसतील. कुणाला पहिली पाळी संपवून घरी येणाऱ्या नवऱ्याच्या चहाची घाई, कुणाला पोरांच्या क्लासची. पण माझ्या ओळखीच्या एका बाईंची घाई निराळी असते. त्यांना सूर्य मावळायच्या आत घर गाठायचं असतं. नुसतं गाठायचं नाही, तर स्वयंपाक करून, ओटा पुसून, अंघोळ करून, दिवा लावून मोकळं व्हायचं असतं. कारण दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो. शनिवारी रात्री आकाशात चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही.

त्या बेने इस्रायल. म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. माहेर अलिबागकडचं, सासर पुण्याचं, घर चिंचवडला आणि नवऱ्याची नोकरी चाकणच्या एका कंपनीत. नाव छापू नको म्हणाल्या, म्हणून आपण त्यांना नुसतं ताई म्हणू. परवा नारळवाल्यापाशी भेटल्या. हातात दोन नारळ, तिसरा घेऊ की नको असा विचार चाललेला. मी सहज विचारलं, "आज कितीजण?" तर म्हणाल्या, "सहा म्हणाले होते हे. मी म्हटलं, चारच बोलवा." आणि मग थोडं थांबून, "असं कधी म्हटलं नव्हतं गं आतापर्यंत."

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पाहुण्याला नाही म्हणायची वेळ आपल्यापैकी कितीजणींवर आलीय! आपण ती वेळ वेगवेगळ्या शब्दांत झाकतो. "घरात आजारपण आहे," "पोराची परीक्षा आहे." महागाईमुळे बोलवत नाही, असं कुणी म्हणत नाही. म्हणून आज या एका घराचा हिशेब मांडून बघू या. तो निघाला ज्यू घरातून, पण पोचतो आपल्या सगळ्यांच्या ओट्यापर्यंत.

आधी ही मंडळी कोण ते थोडं सांगते, कारण आपल्याच जिल्ह्यात राहून आपल्याला ठाऊक नसतं. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असं बेने इस्रायल सांगतात. कोकणात ते तेलाच्या घाण्याच्या धंद्यात शिरले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं 'शनिवार तेली'. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली, 'कर' लावलेली. पुढे पलटणीत, रेल्वेत, सरकारी नोकऱ्यांत शिरून ही घरं मुंबई-पुण्याला आली. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देवळ आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते १८६७ साली पुरं झालेलं डेव्हिड ससून यांचं सिनेगॉग. रास्ता पेठेतलं दुसरं, १९२१ सालचं. १९४८ साली इस्रायल झालं आणि पुढच्या दशकांत बहुतेक घरं तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारसुद्धा भरले नाहीत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

हे सांगायचं कारण असं, की एवढ्या थोड्या लोकांत शुक्रवारचं ताट म्हणजे नुसतं जेवण उरत नाही. चिंचवड-निगडीहून कॅम्पातलं सिनेगॉग काही जवळ नाही. शब्बाथला गाडीत बसायचं नाही असं कडक पाळणारे आहेत, तसे न पाळणारेही आहेत. पण पोचणं दर आठवड्याला जमत नाही हे खरं. मग घर हेच प्रार्थनेचं ठिकाण. चाकणला नवीन नोकरीला लागलेला, खोली घेऊन राहणारा पोरगा, मुलं परदेशी गेल्यामुळे एकटे पडलेले आजी-आजोबा, सुटीवर आलेलं कुणी नात्यातलं, ही सगळी शुक्रवारी कुठल्या तरी एका टेबलाभोवती येतात. ते टेबल बंद झालं तर त्या पोराला मनुकांच्या शरबतावर म्हणायची किद्दुशची प्रार्थना शिकवणार कोण?

होय, मनुकांचं शरबत. कोशर वाइन इकडे सहज मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करायचं ही आपल्याकडच्या बेने इस्रायलांची जुनी रीत. पावाऐवजी पोळीवर आशीर्वाद म्हणतात. जेवणात बहुतेक वेळा मासे असतात, नारळाच्या दुधातल्या कालवणात आणि तळलेले. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मटण असो की गोड, दुधाची जागा नारळानं घेतली. मासाही खवले आणि पर असलेलाच. म्हणजे सुरमई, बांगडा, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. मटण-कोंबडी त्यांच्या धर्माच्या रीतीनं कापलेली हवी आणि तसं कापणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता हिशेब बघा. या ताटात महाग काय? नारळ, तेल, मासे, सुकामेवा. आणि वर्तमानपत्रात महागाई उतरली म्हणून जो आकडा येतो तो कशामुळे उतरतो? मुख्यत्वे भाजी आणि डाळींमुळे.

हे जरा नीट समजून घेऊ. २०२४ च्या ऑक्टोबरात देशातल्या खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. बरोबर एक वर्षानं, २०२५ च्या ऑक्टोबरात ती शून्याच्याही खाली, उणे ५.०२ टक्क्यांवर गेली. बातमी वाचून घरातले पुरुष म्हणाले असतील, "बघ, स्वस्ताई आली. आता घरखर्चाला कमी लागेल ना?" आपण मनातल्या मनात म्हटलं, कुठं आलीय? दोघंही आपापल्या परीनं बरोबर. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होत्या. म्हणजे शंभराची पिशवी १४२ ची झाली. वर्षभरानं भाज्या साधारण साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. १४२ चे साडेसत्तावीस टक्के काढले तर पिशवी आली १०३ वर. कागदावर केवढी मोठी घसरण! पण दोन वर्षांपूर्वीच्या पिशवीशी ताडून पाहिलं तर आपण पहिल्याच पायरीवर परतलोय, तीही तीन रुपयांनी वरच.

आणि त्याच ऑक्टोबरात खाद्यतेल वर्षापूर्वीपेक्षा महागच होतं. तेलाचं गणित बाहेरच्या देशांवर आणि दिल्लीच्या निर्णयांवर हलतं. आपण वापरतो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात होतं. सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचा एकूण आयातकर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेला. पिशवी महागली. मग मे २०२५ च्या अखेरीस तो साडेसोळावर आणला. नारळाचं तर विचारूच नका. दक्षिणेत उत्पादन घटलं आणि २०२५ मध्ये नारळ, खोबरं, खोबरेल तेल सगळंच भडकलं. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये लोणी-तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि पनीरवरचा गेलाच. आपल्याला बरं वाटलं. पण मटणाच्या जेवणात तूप-पनीर चालतच नाही, त्या ताईंच्या टेबलाला त्या दिवशी त्याचा काय उपयोग? त्यांची मदार नारळावर.

थोडक्यात, सरकारचा आकडा खोटा नसतो, पण तो सगळ्यांच्या ताटाची सरासरी असते. प्रत्येक घराची आपली वेगळी महागाई असते. ज्या घरात श्रावणभर उपास, तिथे साबुदाणा-शेंगदाण्याची महागाई. ज्या घरी गौरी-गणपती, तिथे नारळाची आणि तेलाची. ताईंकडे तर दर शुक्रवारी सण.

कांद्याबद्दल मात्र एक सांगायलाच हवं, कारण चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार आपल्याच दारात आहे. २०१९ च्या डिसेंबरात कांदा शंभरी ओलांडून गेला तेव्हा आपण चिमूटभर कांद्यावर फोडण्या दिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. २०२५ मध्ये भाव पडले आणि आपली पिशवी हलकी झाली. पण खेड, शिरूर, जुन्नरच्या शेतकऱ्याच्या घरात त्याच स्वस्त कांद्यानं चूल थंड पडते. त्या घरातही बाईच असते, आणि तिच्याकडेही पाहुणे येतात. तेव्हा नुसतं 'स्वस्त करा' म्हणून आपला प्रश्न सुटत नाही.

मग पाहुण्यांचा खर्च नेमका किती? २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. त्यातला जवळजवळ ४० टक्के खाण्यावर. म्हणजे माणशी महिन्याला २,८०० च्या आतबाहेर, चार माणसांच्या घराला अकरा हजार. एका साध्या जेवणाचे माणशी चाळीस रुपये धरू. शब्बाथचं ताट साधं नसतं, म्हणून दुप्पट, ऐंशी. चार पाहुणे, शुक्रवार रात्र आणि शनिवार दुपार अशी दोन जेवणं, म्हणजे आठवड्याला ६४०. महिन्याचे चार शब्बाथ धरले तर २,५६०. अकरा हजारांच्या घरखर्चावर जवळजवळ पाव हिस्सा जास्त! भाव तुमच्या गावचे घाला, आकडा थोडा मागेपुढे होईल, पण प्रमाण फारसं बदलणार नाही. त्यात भर म्हणजे शनिवारी ओव्हरटाइम मिळत असला तरी ताईंचे यजमान तो घेत नाहीत. खर्च वाढवणारा दिवस आणि मिळकत कमी करणारा दिवस एकच. शनिवार तेल्यांनी घाणा बंद ठेवून जी किंमत मोजली, तीच आज चाकणच्या पाळीत मोजली जाते.

गंमत म्हणजे हा प्रश्न ज्यूंच्या धर्मपंडितांनाही पडला होता, तोही दीड-दोन हजार वर्षांपूर्वी. त्यांच्या तालमूद या ग्रंथात यावर चक्क वाद आहेत. एक मत असं, की शब्बाथला आणि सणाला केलेला खर्च माणसाच्या वर्षाच्या ठरलेल्या वाट्यात धरलाच जात नाही, देव तो भरून देतो. उसनं काढावं, पण शब्बाथ गोड करावा. दुसरं मत रब्बी अकिवाचं. तो म्हणतो, लोकांपुढे हात पसरायची पाळी येणार असेल तर शब्बाथही रोजच्यासारखा साधा करावा. आणि शम्मई नावाच्या पंडिताची रीत तर अगदी गृहिणीची. रविवारपासूनच तो शब्बाथसाठी म्हणून चांगली वस्तू बाजूला काढून ठेवायचा. त्याहून चांगली मिळाली की आधीची खाऊन नवी ठेवायचा.

ताईंना मी विचारलं, तुम्ही यातल्या कुणाच्या? हसून म्हणाल्या, "सासूबाई देवावर सोडायच्या. मी अकिवाची. आणि डबा ठेवलाय तो शम्मईचा!"

हा डबा मी पाहिला. स्टीलचाच, साधा. आठवडाभर त्यात थोडं थोडं पडतं. मनुका स्वस्त मिळाल्या की पाव किलो, रोजच्या खर्चातून उरलेले दहा-वीस रुपये, बासमतीची छोटी पिशवी. शुक्रवारी एकदम सहाशे काढायचे झाले की छातीत धस्स होतं, ते होत नाही. ताटातही त्यांनी बदल केला. समुद्राच्या माशाऐवजी बरेचदा रोहू किंवा कटला. खवल्यांचे मासे, धर्माला चालतात आणि खिशालाही. तळलेल्या तुकड्या माणशी एकच, पण कालवण भरपूर. नारळाचं पहिलं दाट दूध शेवटी घालायला ठेवायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात कालवण शिजवायचं. सोबत चवळी किंवा मसूर. गोड पदार्थ एकच.

सगळ्यात मोठा बदल पैशाचा नाहीच, कामाचा आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे इथल्या बायकांना सांगायला नको. वर्षानुवर्षं ताईंचे यजमान गुरुवारी झोपा काढायचे आणि शुक्रवारी बाईची धावपळ. आता गुरुवारी घाऊक बाजारातून सामान आणणं, नारळ खवणं, लसूण सोलणं त्यांच्याकडे. २०२४ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची बिनपगारी घरकामात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८, असं निघालंय. पाहुणा आला की कुणाची मिनिटं वाढतात ते सांगायला पाहणी नको. आपण खर्चाबद्दल कुरकुरतो तेव्हा पुष्कळदा मुळात थकलेलो असतो.

आणि शेवटचा बदल, ज्यावर त्यांच्या घरात वाद झाला. पाहुण्यांनी काहीतरी आणायचं. शब्बाथ लागल्यावर ओझं घेऊन रस्त्यानं यायचं नाही, पैसे हाताळायचे नाहीत, म्हणून शुक्रवारी उजेड असतानाच पोचवायचं. ज्यांची स्वयंपाकघरं नियम पाळणारी त्यांनी एखादा शिजवलेला पदार्थ, बाकीच्यांनी फळं नाहीतर नारळ. यजमानांना हे पटेना. "पाहुण्याला आण म्हणायचं? आपल्या घराची काय शोभा राहिली?" अब्राहमच्या तंबूला चारी बाजूंनी दारं होती, वाटसरूला वळसा घालावा लागू नये म्हणून, ही गोष्ट त्यांच्याकडे लहानपणापासून सांगतात. त्या अब्राहमनं काय यादी पाठवली होती पाहुण्यांना?

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्याच्या हातात आणायला काही नाही त्याचं काय? नव्या नोकरीतला पोरगा, पगार व्हायला दहा दिवस अवकाश. त्याला 'आण' म्हटलं तर तो येणारच नाही. म्हणून ताईंनी नियम केला तो असा: सांगायचं फक्त नोकरीत स्थिरावलेल्या घरांना. एकट्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना कधीच नाही.

मला या वादात एक गोष्ट आठवली. कोकणातून आमच्याकडे पूर्वी कुणी यायचं तर मोकळ्या हातानं आलेलं मला आठवत नाही. नारळाची जोडी, पायलीभर तांदूळ, फणसाचे गरे, काहीतरी असायचंच. कुणी सांगितलेलं नसे. गावातला पाहुणा शेतातलं घेऊन यायचा. शहरात शेत सुटलं, हात रिकामे झाले आणि सगळा भार एका घराच्या पाकिटावर आला. तेव्हा ताईंनी नवं काही केलं नाही, जुनंच परत आणलं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा हजारो वारकरी जेवतात. एकट्या घराच्या बळावर ते होत नाही. कुणी पोळ्या लाटतं, कुणी डाळ देतं, कुणी पाणी. अन्नदान म्हटलं की आपण वाटून घेतो, घरचा पाहुणा म्हटला की का नाही घेत?

वाटून घ्यायची ताकद बाजारातही चालते. २०११ च्या जूनमध्ये इस्रायलमध्ये कॉटेज चीज, म्हणजे तिकडचं रोजच्या न्याहारीचं पनीरच म्हणा, इतकं महागलं की लोकांनी ते घ्यायचंच थांबवलं. लाखभर लोक फेसबुकवर एकत्र आले आणि कंपन्यांना भाव उतरवावा लागला. आपल्याकडे दहा बायकांनी मिळून तेलाचा डबा आणि तांदळाचं पोतं घाऊक घेतलं तरी किलोमागे फरक पडतो. भिशी आपण चालवतोच, सोसायटीत शिधाही एकत्र आणता येईल.

पण घरानं कितीही काटकसर केली तरी सरकारची जबाबदारी संपत नाही. तेलाचा कर एका सप्टेंबरात एकदम बावीस टक्क्यांनी चढवायचा आणि पुढच्या मे महिन्यात खाली आणायचा, कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद करायची, यात शेतकरीणही भरडते आणि गृहिणीही. दोघींनाही हवा आहे तो थोडा स्थिर भाव, आधी कळलेला. घरचा हिशेब आठवड्याचा असतो हो. अचानकपणा आम्हाला परवडत नाही.

गेल्या शुक्रवारी ताईंनी मला बोलावलं. मी पेरू घेऊन गेले, ऊन असतानाच. टेबलावर पांढरी चादर, झाकलेल्या पोळ्या, मनुकांचं शरबत. काचेच्या दिव्यात पाणी आणि त्यावर खोबरेल तेल घालून वाती लावायची त्यांची जुनी रीत. बाटली उचलताना मी पाहिलं, तेल नेहमीइतकंच ओतलं. "याला कमी करून चालत नाही," म्हणाल्या. "रात्रभर जळायला हवा."

आम्ही आठजण होतो. चाकणचा तो नवा पोरगा होता, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी. तळलेली तुकडी माणशी एकच होती. आजींनी आपली त्या पोराच्या ताटात सरकवली, आणि ताईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तुमच्याकडे पाहुण्यांचा हिशेब कसा बसवता, कुणाला कधी नाही म्हणावं लागलं का, जरूर लिहून कळवा. नाव नको असेल तर छापणार नाही.